कीबोर्डवरचा बांध

उमाप्पाला कुणी रस्त्यात साधं "बरं हाय का?" विचारलं, तर तो "हाव, बरं हाय" म्हणून पुढे जात नाही. मोटारसायकल बंद करतो, स्टँडवर लावतो, खिशातलं पेन एकदा चाचपतो आणि मग म्हणतो, "टेक्निकली बघाल तर, बरं हाय."

कालवणात मीठ जास्त पडलं की, "टेक्निकली बघाल तर भाकर कमी पडायलीय." म्हशीनं लाथ मारली की, "टेक्निकली बघाल तर तिचा दोष न्हाई, मीच मागून गेलो." जळकोटच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात पोरं चहासुद्धा "टेक्निकली दोन कट द्या" म्हणून मागतात. उमाप्पा समोरच्या बाकड्यावर असला तर तोही मान डोलावतो. ही आपली नक्कल चाललीय हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि आलंच तर त्याला वाटतं, चला, पोरं कायतरी शिकायलेत.

कागदावर नाव उमाशंकर. लिंगायताचं घर, कपाळाला विभूती, गावाबाहेर ओढ्याकडेला रान. पोट रानावर आणि जीव कीबोर्डवर, अशी त्याच्या जन्माचीच वाटणी झालेली. वाजवायला शिकला तो गावातल्या मठात, शिवनाम सप्ताहाच्या पेटीवर. ती पेटी गळकी होती. एका सुरासाठी तीनदा भाता हलवावा लागे. पुढे उमाप्पानं विजेवरचा कीबोर्ड घेतला, पण सवय काही गेली नाही. अजूनही कुठलंही गाणं सुरू करण्याआधी त्याचा डावा हात हवेत एकदा भाता मारतो. फटाक. मग गाणं. कीबोर्डला भाता नसतो हे त्याला सांगायचा धीर मंडपात कुणाला झालेला नाही.

त्याच्याबरोबर एकाच स्टँडवर सटवाजी. उमाप्पाच्या रानाला लागून सटवाजीचं रान आणि उमाप्पाच्या कीबोर्डच्या वर सटवाजीचा कीबोर्ड. खाली उमाप्पा भरणा करणार, म्हणजे बास, पेटी, मागचं सगळं भरीव काम. वर सटवाजी सनई आणि बासरी वाजवणार. पार्टीचं नाव बॅनरवर ठसठशीत: 'उमा-सटवा म्युझिकल पार्टी'. लग्नात कुणीतरी पाहुणा हमखास विचारायचा, "ही नवराबायकोची पार्टी हाय का?" उमाप्पा पेन चाचपून म्हणायचा, "टेक्निकली बघाल तर, तसंच म्हणा."

सटवाजीची पाठवणीची सनई म्हणजे जळकोट-मुखेडच्या पट्ट्यात बोलायचा विषय. वाजवताना त्याचं तोंड बघावं, तर एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसासारखं. गालात सुपारी, नजर पंख्यावर. आणि इकडे बायका ढसाढसा. गावातल्या अमृतरावांच्या थोरलीच्या पाठवणीला तर आचाऱ्यानंही झारा खाली ठेवून डोळे पुसले होते. कांद्यामुळे पुसले असंही काही जण म्हणतात, पण कांदा तर सकाळीच चिरून झाला होता.

एवढं जुळलेलं असताना आषाढात मोडलं. मोडलं ते सुरावरून नाही, सोयाबीनवरून.

पेरणीच्या दिवशी उमाप्पा उदगीरला एका बारशात वाजवत होता. रान ट्रॅक्टरवाल्यावर सोपवलं होतं, आणि ट्रॅक्टरवाला कानाला फोन लावून पेरत होता. पंधरवड्यानं सोयाबीन उगवून आलं. सटवाजी बांधावर उभा राहिला आणि त्याला आपल्या तुरीच्या हद्दीत सोयाबीनच्या दोन ओळी ओळीनं हसताना दिसल्या. मधला बांध तेवढाच आत ढकलला गेलेला.

"उमाप्पा, माझ्या रानात तुझं सोयाबीन कसं काय उगवलं रे?"

"कुठं?"

"हितं. बांधाला. दोन तासं." हे तास घड्याळातले नव्हेत, नांगराचे. पण आपल्याकडे घड्याळाचे दोन गेले तर कुणी विचारत नाही. नांगराचे दोन गेले तर पिढ्या बोलत नाहीत.

उमाप्पानं वाकून बघितलं. मनापासून नवल करत म्हणाला, "म्या न्हाई सरकवला. आपोआप सरकला आसंल."

"आपोआप!" सटवाजीनं सुपारी थुंकली. "बांधाला काय पाय फुटलेत? सांजच्याला फिरायला निघतोय व्हय त्यो?"

"टेक्निकली बघशील तर..."

"टेक्निकली गेलं ओढ्यात! इतकी सालं एका स्टँडवर वाजवायलो आपण, आन् तू माझा बांध कोरतोस?"

आपल्याकडे माणसाला 'चोर' म्हणा, तो भांडेल. 'बांधकोऱ्या' म्हणा, तो बोलायचाच बंद होतो. उमाप्पा बोलायचा बंद झाला. त्याच दिवशी सटवाजी येऊन आपला कीबोर्ड घेऊन गेला. स्टँडचे वरचे दोन हात रिकामे राहिले. उमाप्पाची बायको शिवकन्या, तिला कुठलीही जागा रिकामी बघवत नाही. तिनं त्यावर टॉवेल वाळत घातले. आणि बॅनरचं काय करायचं म्हणून उमाप्पानं 'सटवा' मागे दुमडून टाचण्या मारल्या. आता राहिलं 'उमा- म्युझिकल पार्टी'. मधली ती छोटी रेघ काही दुमडली जाईना. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी ती तशीच उघडी राहिली.

दिवाळी झाली आणि अमृतरावांचं बोलावणं आलं. अमृतराव म्हणजे गावचे मोठे बागायतदार. प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याला 'आं?' करून टोचायची त्यांना सवय.

"धाकटीचं लगीन धरलंय. मुखेडला, कार्यालयात. दोघं येणार ना, आं?"

"येणार की, मालक."

"भांडणाचं कानावर आलंय माझ्या. जमत नसंल तर आत्ताच सांग. उदगीरचा डीजे तयार हाय, आं? ह्या खेपेला फजिती झाली तर पुढची माझ्या घरातली सगळी कार्यं त्येलाच. पाठवणीला रडू आलं पायजे माणसाला. आं?"

इथं उमाप्पानं सरळ सटवाजीच्या घरी जाऊन चहा प्यायचा होता. पण 'बांधकोऱ्या' शब्द अजून कानात होता. त्यानं पेन चाचपलं. "मालक, आता मी एकटा तिघांचं वाजवतो. सॉफ्टवेअर आलंय."

"सॉफ्टवेअर?" अमृतरावांनी मिशी चोळली. "मंग पंगतीला त्येचं बी पान मांडायचं का, आं?"

झालं. लातूरहून जुना लॅपटॉप आला. तो ज्वारीच्या कट्ट्यावर, म्हणजे भरल्या पोत्यावर बसला, त्याच्यासमोर उमाप्पा बसला आणि लॅपटॉपात एक व्हिडिओवाला बसला. हा व्हिडिओवाला हिंदीतला. केस उभे, आवाज गुळाच्या पाकातला. "तोss दोस्तों! आज हम सीखेंगे, स्प्लिट और लेयर!" दोनच दिवसांत शिवकन्येला तो तोंडपाठ झाला. भाकरी थापताना ती परातीला म्हणायची, "तोss दोस्तों! आज हम थापेंगे, ज्वारी की भाकर!" उमाप्पा आतून ओरडायचा, "अगं, गप की जरा, महत्त्वाचं सांगायलाय त्यो!"

गोष्ट अशी होती. कीबोर्ड लॅपटॉपला वायरनं जोडायचा. मग पट्टी दाबायची कीबोर्डची, पण आवाज येणार लॅपटॉपातला. पडद्यावर कीबोर्डचं आडवं चित्र दिसतं. त्या चित्राचे तुकडे पाडायचे: डावीकडचा तुकडा बासला, उजवीकडचा सनईला. एकाच कीबोर्डवर दोन वाजवणारे बसल्यासारखे. शिवाय एका तुकड्यात एकावर एक दोन आवाजही ठेवता येतात, म्हणजे बोट एक आणि त्यातून सनई आणि व्हायोलिन जोडीनं निघतात.

शिवकन्या पीठ चाळता चाळता मागून डोकावली. पडद्यावर हिरवा पट्टा, शेजारी पिवळा पट्टा.

"आवं, मोजणीचा नकाशा कधी आणलाव?"

"मोजणी न्हाई, ह्येला स्प्लिट म्हणतात."

"म्हंजे?"

"म्हंजे इथनं डावीकडं एकाचं, उजवीकडं दुसऱ्याचं."

"मंग वाटणी म्हणा की. आन् ही मधली रेघ म्हंजे बांध."

"...हाव."

"आन् ते दोन आवाज एकात?"

"ते लेयर."

"सोयाबीनमधी तूर. आंतरपीक हाय ते. उगं इंग्लिशमधी भेव दाखवायलाव."

उमाप्पानं पेन चाचपलं. मग म्हणाला, "टेक्निकली बघशील तर, बरोबर हाय तुझं." त्या दिवसापासून सॉफ्टवेअर त्याच्या डोक्यात सरळ बसलं. व्हिडिओवाला 'झोन' म्हणाला की उमाप्पा 'रान' ऐकायचा. पायानं दाबायचं पेडल असतं. ते दाबलं की सूर लांबत राहतो. आधी ते दोन्ही रानांना लागू होतं आणि डावीकडचा बास म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा संपता संपायचा नाही. मग उमाप्पाला उमजलं: पाणी फक्त सनईच्या रानाला लावायचं, बासचं कोरडवाहू ठेवायचं. आधी पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा यायचा, मुक्कामी गाडीसारखा. ती सेटिंग त्यानं अशी घासली, अशी घासली, की गाडी फलाटावर लागायच्या आधी हॉर्न ऐकू यायला लागला.

एकेक नकाशा करून त्यानं नावं दिली: 'हळद', 'अक्षदा', 'पंगत', 'पाठवण'. बाकीचे तीन झकास झाले. घोडं अडलं ते 'पाठवण'ला.

सनई वाजायची. बरोबर वाजायची. पण ऐकताना डोळ्यात काहीच यायचं नाही. उमाप्पानं सनईखाली व्हायोलिन पेरलं. मग व्हायोलिनखाली बासरी, बासरीखाली बायकांच्या गळ्याचा 'आss'. आंतरपिकात आंतरपीक. रान एवढं दाटलं की लॅपटॉपचा पंखाच भाता मारायला लागला आणि पडदा काळा झाला.

त्याची आई गंगम्मा भिंतीला टेकून हे रोज ऐकत होती. तिचं माहेर बॉर्डरच्या पलीकडचं, त्यामुळं जीव वैतागला की ती कानडीत उतरते. तिनं एक दिवस विचारलं, "सटव्या कुठाय रे?"

"अव्वा, सटव्याचं काम आता ह्यात हाय." उमाप्पानं लॅपटॉपवर टिचकी मारली.

गंगम्मानं हात टेकून उठून लॅपटॉपच्या मागं बघितलं. कट्ट्याच्या मागंही बघितलं. मग परत बसली. "होगली बिड," म्हणाली. म्हणजे, जाऊ दे, सोड. सॉफ्टवेअर सोड म्हणाली की भांडण सोड म्हणाली, ते तिनं सांगितलं नाही आणि उमाप्पानं विचारलं नाही.

दरम्यान शिवकन्येनं पिठाच्या गिरणीत सटवाजीच्या बायकोला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं होतं: व्हिडिओवाला, उमाप्पाचा हवेतला भाता, कीबोर्डवरची वाटणी आणि बांध. गिरणीतून ते हॉटेलात गेलं. सटवाजी तिथं बशीतला चहा फुंकत होता. तो म्हणाला, "कीबोर्डवर बांध घालायलाय? तिथं तरी नीट घाल म्हणावं." हॉटेल हसलं. उमाप्पाच्या कानावर आलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं घरी जाऊन पडद्यावरचा बांध परत तपासला. जिथल्या तिथं होता.

लग्नाच्या दिवशी मुखेडच्या कार्यालयात माणूस मावत नव्हता. स्टेजच्या कोपऱ्यात 'उमा- म्युझिकल पार्टी'. एक कीबोर्ड, एक लॅपटॉप, एक उमाप्पा आणि गायला मुखेडचीच पुनम. पुनम गोड गाते आणि त्याहून भरभर बोलते. सटवाजी अमृतरावांच्या भावकीतला, त्यामुळं तोही आला होता. बसला तोही नेमका समोरच्या रांगेत, आणि नजर पंख्यावर.

हळदीची गाणी झाली. हवेत भाता, फटाक, आणि डावीकडं बास घुमतोय, उजवीकडं बासरी. माणसं मागं वळून दुसरा वाजवणारा शोधायला लागली. अक्षदा झाल्या. पंगत उठली. अमृतराव येऊन लॅपटॉपकडं बोट दाखवून गेले: "चाललाय बरा, आं?" उमाप्पानं डोळ्याच्या कोपऱ्यातून सटवाजीकडं बघितलं. सटवाजीचा पाय ठेक्यावर हलत होता. उमाप्पानं बघितल्याबरोबर थांबला.

आता उरली पाठवणी. तेवढ्यात पुनम कानाशी आली.

"आप्पा ना, ऐका ना, मघाशी पंगतीत आइस्क्रीम खाल्लं ना, घसाच बसला ना, वरचं लागतच न्हाई ना. दोन पट्ट्या खाली घ्या ना!"

यात काय विशेष! गायक लोकांचा घसा बसायचाच. कीबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की सगळा कीबोर्ड सुरात खाली उतरतो आणि वाजवणाऱ्याची बोटं जुन्याच जागी राहतात. उमाप्पानं जन्मभर ते बटण दाबलं होतं. टक, टक. दोन पट्ट्या खाली.

नवरी आईच्या गळ्यात पडली. मावशीनं पदर तोंडाला लावला. पुनमनं माइक खाली धरला, कारण आधी नुसती सनई. मंडप गप्प झाला. हवेत भाता. फटाक. उमाप्पाचा उजवा हात बांधाला लागून असलेल्या पट्टीवर उतरला, तिथूनच ती धून चढायची.

"भोंssss."

उमाप्पानं हाताकडं बघितलं. हात बरोबर जागी होता. त्यानं पुढचे सूर दाबले.

"पीं पीं... भोंsss... पीं... भोंss भोंss."

हुबेहूब व्यालेली म्हैस. तीही आपलं रेडकू शेजारच्या गोठ्यात गेल्यावर हंबरते तशी. नवरी आईच्या खांद्यावर हुंदके देत होती. ते हुंदके हळूहळू वेगळेच ऐकू यायला लागले. तिनं तोंड वर केलं तर डोळ्यात पाणी आणि तोंडात हसू. मावशीचा पदर हलायला लागला, पण रडण्यानं नव्हे. अमृतराव गरजले, "म्हैस कुणी सोडली रे मंडपात, आं?"

आणि समोरच्या रांगेतून आवाज आला: "उमाप्पाss! बांध सरकला रेss!"

सगळं गाव हसलं. उमाप्पाच्या कपाळावरची विभूती घामात वाहून भुवईत आली. तो उठून उभा राहिला. पुनमचा माइक चालूच होता, त्यामुळं त्याचा आवाज कर्ण्यातून पार जेवणाच्या हॉलपर्यंत गेला.

"म्या न्हाई सरकवला! आपोआप सरकला! बसवण्णाची आन, आपोआप सरकला!"

मंडप आणखी हसला. फक्त सटवाजी हसायचा थांबला. हेच शब्द, हाच नवलाचा सूर त्यानं आषाढात बांधावर ऐकला होता. तेव्हा त्याला ते सोंग वाटलं होतं. आता सबंध मंडपासमोर, भर पाठवणीत, स्वतःच्या पोटावर पाय देऊन कोण कशाला सोंग करील? तो सुपारी गालात सरकवून उठला आणि स्टेजवर चढला.

"दाखव."

"ह्यो बघ." उमाप्पानं पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "बांध हितंच हाय. तसूभर हलला न्हाई. मी पुनमसाठी सूर खाली घेतला, तर बांध जागेवर आन् समदं रानच खाली सरकलं. तुझ्या दोन पट्ट्या माझ्या हद्दीत आल्या."

"माझ्या?"

"सनईच्या." उमाप्पा अडखळला. "म्हंजे... तुझ्याच की."

"दोन?"

"दोन."

"तिथं बी दोन, आन् हितं बी दोनच." सटवाजीच्या मिशीखाली कायतरी हललं. "आन् तुला पत्ताच न्हाई."

"टेक्निकली बघशील तर..."

"गप." सटवाजीनं लॅपटॉपकडं बघितलं, मग उमाप्पाच्या भुवईतल्या विभूतीकडं. "ट्रॅक्टरवाल्यानं बी त्या दिवशी कुणाचा तरी घसा बसला म्हणून सूर खाली घेतला आसंल. सरक."

"काय?"

"सरक म्हणालो. तू बांधाच्या आल्याड बस. पल्याडचं म्या बघतो."

खालून अमृतराव: "मोजणी झाली का तुमची, आं? पोरगी उभी हाय दारात!"

एका स्टुलावर दोघं बसले, अर्धे अर्धे. सटवाजीनं उजवा हात बांधापासून लांब, पार वरच्या सप्तकात नेऊन ठेवला, जिथं खालच्या रानाचा सूर पोचायची सोयच नाही. नजर पंख्यावर गेली. उमाप्पानं हवेत भाता मारला, आणि त्याच वेळी पहिल्यांदाच त्याला दिसलं की सटवाजी त्या भात्याचीच वाट बघून सुरुवात करतो. इतक्या सालांत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

फटाक.

सनई तीच होती, लॅपटॉपातली. त्याखालचं व्हायोलिनही तेच, उमाप्पानंच पेरलेलं. पण सटवाजी सुरावर बोट दाबत नव्हता, टेकत होता. एखादा सूर सोडताना असा रेंगाळायचा, की वेशीपर्यंत सोबत येतो म्हणालेला माणूस फाट्यापर्यंत चालत यावा. मघाशी हसलेली मावशी पहिली फुटली. मग आई. मग नवरी, आता खरीखुरी. मागच्या दारात आचारी उभा होता. त्याच्या हातात कांदा नव्हता.

उमाप्पा डाव्या हातानं बास धरून होता. उजव्या हाताला आता काही काम नव्हतं, म्हणून त्यानं तो मांडीवर ठेवला. मग त्याच हातानं डोळे पुसले.

गाडी गेल्यावर अमृतराव उपरण्यानं नाक शिंकरत आले. लॅपटॉपकडं बघितलं, मग सटवाजीकडं. "सॉफ्टवेअर बरं हाय तुझं, उमाप्पा. पण सुपारी लई खातंय, आं?" आणि जाता जाता, "बसवजयंतीचं धरून ठेवा. दोघं."

परतताना टेम्पोत शिवकन्या मागं सामानावर बसली होती. उमाप्पा सटवाजीला सॉफ्टवेअर समजावून देत होता: सूर बदलायचा तर कीबोर्डवरच्या बटणानं नाही, लॅपटॉपात, वाटणी झाल्यावर, ज्याच्या त्याच्या रानात बदलायचा. हे त्याला मघाशी स्टुलावर बसल्या बसल्या सुचलं होतं. मागून आवाज आला.

"तोss दोस्तों! एक बात याद रखना, ट्रान्सपोज कीबोर्ड पर मत करना!"

दोघं वळले.

"व्हिडिओच्या शेवटी सांगतोय की त्यो," शिवकन्या म्हणाली. "लाइक करा, सबस्क्राइब करा म्हणाला की तुम्ही बंद करायलाव. मी भाकरी करत पुढचं ऐकायची."

"अगं, मंग सांगायचं न्हाईस का?"

"तुम्ही इचारलाव का? मला वाटलं, टेक्निकली तुम्हाला ठाऊक आसंल."

सटवाजी इतका हसला की सुपारी टेम्पोबाहेर गेली.

पुढचा मिरग आला तेव्हा दोघांनी बांधावर दोरी धरली आणि दगड रोवले. पेरणी संपेपर्यंत ट्रॅक्टरवाल्याचा फोन सटवाजीच्या खिशात होता. दोनदा वाजला, दोनदाही सटवाजीनं उचलून "साहेब पेरायलेत" म्हणून ठेवून दिला. बॅनरच्या टाचण्या निघाल्या, 'सटवा' परत पुढं आला, पण 'उमा' आणि 'सटवा'च्या मधोमध घडीची रेघ कायमची राहिली. इस्त्री फिरवली तरी जात नाही.

मुखेडच्या लग्नानंतर सटवाजी आपला कीबोर्ड परत घेऊन आला, स्टँडवरचे टॉवेल खाली उतरले. तरी पाठवणीला मात्र दोघं अजून एकाच कीबोर्डवर, अर्ध्या अर्ध्या स्टुलावर बसतात. माणसांना तेच बघायचं असतं. उमाप्पानं लॅपटॉपातला 'पाठवण'चा नकाशा उघडून पिवळ्या पट्ट्याचं 'सनई' हे नाव पुसलं आणि तिथं लिहिलं: 'सटवाजीचं रान'. मग पडदा वळवून सटवाजीला दाखवला आणि पेन चाचपत त्याच्या तोंडाकडं बघत बसला.

सटवाजी पडद्यावर नाक टेकेपर्यंत वाकला. बोटानं पट्ट्या मोजल्या, ओठ हलवत, एकेक. परत एकदा मोजल्या.

"दोन कमी दिसायलेत मला," म्हणाला.